गोमती बिल्डिंगच्या पाटीवरचं नाव

फणसवाडी, मुंबई
१२ फेब्रुवारी १९६०

मायना काय लिहावा यातच दोन कार्डं वाया गेली, म्हणून शेवटी पाकीट आणलं. "ती. आईस" लिहायचा हक्क तुम्ही अजून दिलेला नाही आणि नुसतं "अंबिकाबाई" लिहिणं उद्धटपणाचं दिसतं. तेव्हा मायना राहू दे. वाकून नमस्कार करते.

पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव वाचून तुम्हांला कसंतरी झालं असेल. ते नाव माझंच आहे. सौ. कौसल्या माधव साटम. तुमच्या मुलीचं सासरचं नाव हेच होतं हे मला ठाऊक आहे. मी तिच्या जागी आलेली. येत्या वैशाखात लग्नाला तीन वर्षं होतील. माहेरी मी शेवंती, राजापूरजवळची, सातवी पास. लग्नात ताटातल्या तांदळांवर नव्या नवरीचं नाव काढायची वेळ आली, तेव्हा यांनी अंगठीने "कौसल्या" काढलं. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, अहो, ते तर पहिलीचं. तशा सासूबाई म्हणाल्या, "मगे काय झाला? भांड्यांवर घातलेला नाव आता खरवडूक बसू काय?" सगळे हसले. मीही हसले. नव्या नवरीने एवढ्यावरून तोंड वाकडं करायचं नसतं.

नावाचं मी मनावर घेतलं नाही. दुसरेपणावर दिलेल्या मुलीने फार मागू नये, असं आमच्याकडे म्हणतातच. सवतीचा टाक गळ्यात घातला, तोही निमूटपणे. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली छोटी बाई आहे. सणावाराला तिला आधी नैवेद्य दाखवते आणि मग आम्ही जेवतो. तिचं माझं भांडण नाही.

आता कामाचं लिहिते. नवं राज्य उन्हाळ्यात होणार असं नक्की झालंय म्हणतात. त्या दिवशी आमच्या गोमती बिल्डिंगच्या दाराशी तुमच्या मुलीच्या नावाची संगमरवरी पाटी बसवायचं उत्सवमंडळाने ठरवलं आहे. गिरगावात पाट्यांना तोटा नाही. भाजी आणायला निघाले की वाचत जाते. येथे अमुक राहत असत, येथे तमुक यांनी देह ठेवला. एका थोर पुरुषाच्या पाटीखाली हल्ली कल्हईवाला बसतो. सगळ्या पाट्या पुरुषांच्या, बाईची आपलीच पहिली, असं मंडळाचे अण्णा छाती फुगवून सांगतात. अण्णा म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर.

त्यांनी मजकूर वाचून दाखवला. "हुतात्मा सौ. कौसल्या माधव साटम या वास्तूत राहत होत्या." मी दारात चहाचा कप घेऊन उभी. अण्णांच्या लक्षात आलं नाही. यांच्याही आलं नाही. कप सासूबाईंनी माझ्या हातातून घेतला आणि म्हणाल्या, "चाय निवता."

अण्णांना मी मागाहून गाठलं. ते म्हणाले, नाव बदलायचं तर मुलीच्या आईने सांगावं, आईचा शब्द मी मोडणार नाही. म्हणून हे पत्र. पाटीवर तिचं तुम्ही ठेवलेलं नाव घालून "मालन माधव साटम" लिहायला तुम्ही अण्णांना सांगाल का? मला रोज त्या दाराने जायचं-यायचं आहे.

सासूबाईंना वाचता येत नाही आणि टपाल येतं तेव्हा हे ऑफिसात असतात. उत्तर सरळ घरच्या पत्त्यावर टाकलंत तरी चालेल.

सौ. कौसल्या


घोडपदेव, मुंबई
२६ फेब्रुवारी १९६०

सौ. साटम यांस,
आशीर्वाद.

तुमचं पाकीट पोस्टमनने आमच्या यांच्या हातात दिलं. त्यांनी नाव वाचलं, पाकीट पाटावर ठेवलं आणि चपला घालून बाहेर पडले. माझगावच्या गोदीपर्यंत चालत जाऊन आले. जन्म त्या गोदीत गेला, पेन्शनीत निघाल्यावरही पाय तिकडेच वळतात. आल्यावर म्हणाले, "कोणीतरी मस्करी केली असेल." मग आम्ही जेवलो. पाकीट मी बऱ्याच दिवसांनी उघडलं.

तुमच्यावर रागावले नाही. मला हल्ली राग येत नाही, रडू येत नाही, शेजारी बारसं झालं तर आनंदही होत नाही. जिलबी खाल्ली तर गोड आहे एवढं कळतं. तुम्ही जे लिहिलंत तेही तसंच कळलं.

माझं उत्तर असं. मालन माधव साटम नावाची बाई कधी झालीच नाही. मालन परब होती, नंतर कौसल्या साटम झाली. नसलेल्या बाईचं नाव दगडावर कशाला कोरायचं? तुमच्या सासूबाईंनी तुम्हांला तेच नाव दिलं हा त्यांचा आणि तुमचा प्रश्न. त्यांनी आम्हांला विचारलं नव्हतं. लग्नाचं बोलावणंही नव्हतं, नसावंच.

दुसरेपणाच्या बायकोला पहिलीच्या आईने लेक मानून साडी-खण द्यायचा असतो, ती रीत मी केली नाही, हे तुम्ही पत्रात सुचवलंय. खरं आहे. केली नाही.

सवत मातीची असली तरी सोसत नाही म्हणतात. तुमचं वय लहान आहे, तुम्हांला ती भिंतीवर नको वाटत असेल तर तसं सरळ लिहा. मालनच्या नावाआड लपू नका.

अंबिका परब


फणसवाडी
१ मार्च १९६०

सा. नमस्कार वि. वि.

तुम्ही मला टाकून बोललात ते बरं झालं. इथे माझ्याशी टाकूनसुद्धा कुणी बोलत नाही. सगळे गोड बोलतात, फक्त माझ्याशी नाही, कौसल्याशी.

ती भिंतीवर नको असती तर मी अण्णांना म्हटलं असतं की नवी पाटी कशाला, घरमालक कुरकुरेल. ते काम सोपं होतं, घरमालक कुरकुरायला टेकलेलाच आहे. मला ती हवी आहे. तिच्या नावाने हवी आहे.

तुम्हांला इथलं सांगते. रेशनकार्डावर कौसल्या होतं, ते तसंच राहिलं. तांब्या, परात, घंगाळ, सगळ्यांवर कौसल्या. आमच्या मजल्यावरच्या आनंदीबाई नव्या पाहुण्यांना सांगतात, "ही आमची दुसरी कौसल्या," आणि पाहुणे माझ्याकडे बघून मान हलवतात. हे कधी झोपेत कौसल्या म्हणतात. ती हाक कुणाला आहे ते मी विचारत नाही. विचारलं तर त्यांना सांगता येणार नाही. माणूस वाईट नाहीत. आठला जातात, सहाला येतात, पेपर वाचतात. हसायचं तेव्हा हसतात, पण जरा उशिरा.

पण सासूबाईंचं तुम्हांला माहीत नसणार. मला वाटायचं, भांड्यांसाठी नाव ठेवलं. पहिलं वर्षभर तसंच वाटलं. रोज दिवेलागणीला त्या गॅलरीत जातात आणि खाली वाकून हाक मारतात, "कौसल्या, वर ये गो!" मी घरातच असते, मागे, चुलीपाशी. मी म्हणते, आले आई, इथेच आहे. त्या वळून बघतात. त्या बघण्यात काय असतं ते लिहिता येत नाही. दुकानात भलतीच वस्तू पुढे केली की गिऱ्हाईक बघतं ना, तसं.

आनंदीबाईंनी एकदा सांगितलं. राज्यासाठी मोर्चा निघाला त्या दिवशी खाली अश्रुधुराने डोळे चोळत लोक बसले होते. सासूबाईच तिला म्हणाल्या, जा गो, घागर घेऊन जा, पाणी दे त्यांना. ती गेली. मग गोळीबाराचा आवाज आला, तेव्हा सासूबाई गॅलरीतून ओरडल्या, कौसल्या, वर ये. तिने वर बघितलं. एवढंच. अजून हाक मारतात.

तेव्हा त्यांच्यावर मी रागावू शकत नाही आणि नाव टाकूनही देऊ शकत नाही. पण दगडाचं वेगळं आहे. सासूबाईंची हाक सासूबाईंबरोबर जाईल. पाटी राहील. मी म्हातारी झाले तरी लोक पाटी वाचून वर येतील आणि मला विचारतील, कौसल्याबाईंचं घर हेच का? मी काय सांगू? मेली म्हणून सांगू?

सौ. कौसल्या


घोडपदेव
२० मार्च १९६०

सौ. साटम यांस,
आशीर्वाद.

तुमच्या सासूबाईंचं मला माहीत नव्हतं. यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हातारी बिचारी."

आता मीही तुम्हांला एक सांगते म्हणजे हा विषय संपेल.

मालनला नेलं तेव्हा हिरवी साडी नेसवली होती. कपाळभर कुंकू लावलं होतं. फणसवाडीतल्या बायका गर्दी करून तिच्या पाया पडत होत्या, कारण सवाष्ण गेली. अशा वेळी बायका ओटी भरतात, तशी मीही भरली. कुणी एक म्हणाली, "भाग्याची हो." मला त्या बाईचा राग यायला हवा होता. मी म्हटलं, हो.

बावीस वर्षांत त्या मुलीला एवढं एकच मिळालं म्हणायचं. मूल नाही, बाळ नाही. नीट पोटभर भांडणही केलं नसेल तिने नवऱ्याशी. मिळालं ते "सौ.". तुमचे अण्णा ते दगडावर लिहितायत, तर लिहू द्या. "मालन" लिहिलं की ती कुणाची कोण? अर्धवट काहीतरी होऊन बसेल. लोक म्हणतील, लग्न मोडलं होतं वाटतं. नव्या राज्यातसुद्धा लोकांची तोंडं तीच राहणार.

तुमचं दुःख मला समजतं, असं मी लिहिणार होते. समजत नाही. माझ्यातलं ते यंत्र बंद पडलंय. तुम्ही पोरवयाच्या आहात, पोरंबाळं झाली की नावाचं काही वाटणार नाही. तुम्हांलाही मग "आई" एवढंच नाव उरेल.

अण्णांचं कार्ड मलाही आलं होतं. मजकुराला हरकत नाही असं मी त्यांना कळवलं आहे.

अंबिका परब


फणसवाडी
५ एप्रिल १९६०

सा. न. वि. वि.

अण्णांनी तुमचं कार्ड मला दाखवलं. "हरकत नाही." झालं. आता मी रागावले आहे आणि हे पत्र रागातच लिहिते आहे, तुम्ही आशीर्वाद दिला नाहीत तरी चालेल.

पोरंबाळं झाली की, असं तुम्ही लिहिलंत. मला पाचवा महिना आहे. यांना आणि सासूबाईंना ठाऊक आहे, बाकी कुणाला नाही. तुम्हांलाही सांगणार नव्हते. तुमच्या लेकीला जे झालं नाही ते मला होतंय, हे तुम्हांला कुठल्या तोंडाने लिहायचं? पण आता लिहिते.

आनंदीबाई परवा नळावर दुसरीला सांगत होत्या, मी घागर घेऊन मागेच उभी होते. "कौसल्या हे नाव त्या घराला लाभत नाही, बघ तू." मला बघून पदर सावरला. मग म्हणाल्या, "तुला नाही गो म्हटलं." मी त्या दिवसापासून झोपलेली नाही. माझी आई तिसऱ्या बाळंतपणात गेली. तेव्हा भीती मला नवी नाही. पण निदान तिच्या नावाची पाटी आधी कुणी दारावर लावून ठेवली नव्हती.

उद्घाटनाला मला सहावा लागलेला असेल. सगळ्यांसमोर कापड बाजूला होईल, हुतात्मा सौ. कौसल्या माधव साटम, टाळ्या वाजतील आणि मी पोट सांभाळत त्याच दाराने वर जाईन. तुम्ही म्हणता, माझ्यातलं यंत्र बंद पडलंय. तुमचं बंद पडलं म्हणून मी जिवंतपणी पाटी व्हायचं का?

नुसतं नाव तर आहे. नुसतं एक नाव. ते तुमच्या मुलीला तुम्हीच ठेवलेलं आहे. ते दगडावर लिहायला तुमचं काय जातं? मला खरंच कळत नाही. कळत असेल तर सांगा.

शेवंती
(आज मला दुसरी सही करता येणार नाही.)


घोडपदेव
९ एप्रिल

चि. साटमांच्या सूनबाईस,

पत्र आलं. मी हिला दिलं. हिने वाचलं. काल दिवसभर भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. जेवण केलं नाही. बोलत नाही. तू चुकीचं काही लिहिलेलं नाहीस. पण आता थोडे दिवस लिहू नकोस. पोटाकडे लक्ष दे. पायऱ्या सावकाश उतर.

बाबुराव परब


घोडपदेव
१७ एप्रिल १९६०

चि. —

इथे नाव लिहायचं होतं, थांबले. आशीर्वाद आहेत. मागितले नाहीस तरी आहेत.

यांनी तुला कार्ड टाकलं हे मला मागाहून कळलं. माझं तू विचारलंस त्याचं उत्तर द्यायला मला इतके दिवस लागले, कारण ते उत्तर मलाही माहीत नव्हतं. सौ.चं मी तुला लिहिलं ते खोटं नव्हतं. पण ते वरवरचं होतं.

ती गेली त्या दिवशी संचारबंदी होती. निरोप आम्हांला दुसऱ्या दिवशी मिळाला. माधवरावांच्या ऑफिसातला कुणी लालबागला राहणारा, तो सांगायला आला. दारात उभा राहून म्हणाला, "कौसल्याबाई गेल्या." मी तांदूळ निवडत होते. मी विचारलं, "कोण कौसल्याबाई?" मला खरोखरच कळलं नाही. आमच्या घरात ते नाव कधी कुणाच्या तोंडी नव्हतं. ती माहेरपणाला आली की मालन. तिची कार्डं यायची ती "तुमची मालन". तो माणूस गोंधळला, त्याला वाटलं घर चुकलं. मग मी म्हटलं, असं, असं. आणि उरलेले तांदूळ निवडले.

फणसवाडीत गेलो. मी तिला पाहिलं. ओटी भरली. पण भोवती सगळ्या बायका कौसल्या, कौसल्या म्हणून रडत होत्या आणि मी परक्याच्या मर्तिकाला आल्यासारखी उभी होते. वर्तमानपत्रात यादी आली तीत कौसल्या. दाखल्यावर कौसल्या. दहाव्याला भटजींनी नाव घेतलं ते कौसल्याचं. आमच्या चाळीत शोकसभा झाली, तिथेही पुढाऱ्याने कागदावर बघून कौसल्याच म्हटलं.

मालन गेली असं आजपर्यंत कुणी म्हटलेलं नाही. कुणी लिहिलेलं नाही. मीही नाही. वरच्या ओळीत "ती गेली" असं लिहिलंय बघ, तिथेही नाव टाळलं, ते आत्ता वाचताना लक्षात आलं.

माझ्या लेखी फणसवाडीची कौसल्या साटम वारली. वाईट झालं. आणि मालन सासरी आहे. सासरी गेलेली मुलगी काय आईला रोज दिसते? कधी कधी वर्षवर्ष दिसत नाही. मला वेड लागलेलं नाही. हिशेब मला कळतो. पण असं ठेवलं की सकाळी उठता येतं, यांना चहा करता येतो. तू "नुसतं नाव" लिहिलंस. तुला ते नाव दगडावर हवंय म्हणजे तू जगशील. ते नाव दगडावर नाही, म्हणून मी जगते आहे.

माझ्याच्याने होणार नाही. वाईट वाटतंय असंही लिहवत नाही, कारण वाटतंय की नाही ते कळत नाही. दूध पीत जा.

अंबिका


फणसवाडी
२१ एप्रिल १९६०

ती. आईस,
(विचारलं नाही, लिहून टाकलं.)
शि. सा. नमस्कार.

पत्र वाचलं. आता माझं काही मागणं नाही. मघाशी खाली जाऊन अण्णांना सांगून आले की मजकूर आहे तोच ठेवा. सोमवारी भायखळ्याच्या वखारीत कोरायला घेणार आहेत. अण्णांना बरं वाटलं, त्यांनी पत्रिका छापायला द्यायच्या होत्या.

मी रागात लिहिलं ते विसरून जा. पोटुशी बाई काहीही लिहिते. नावाने का कुणी मरतं? आनंदीबाईंच्या तोंडाला हाड नाही, त्यांचं काय धरून बसायचं. पाटी दाराच्या डाव्या अंगाला लागणार आहे. मी उजवीकडे बघत जात जाईन. सवय होईल. बाकी सगळ्याची झालीच ना.

माझं सगळं बरं आहे. दूध पिते. झोप लागते. तुम्ही आता जेवत जा, बाबांना त्रास होतो.

तुमची
कौसल्या


घोडपदेव
२६ एप्रिल १९६०

चि. शेवंतीस,
अनेक आशीर्वाद.

आई म्हणून पहिलं पत्र लिहिलंस आणि त्यात ओळीओळीला खोटं बोललीस. झोप लागते म्हणे. माझं सगळं बरं आहे म्हणे. आईशी मुली असंच खोटं बोलतात. मालनही हेच लिहायची. वाचता वाचता मला हसू आलं. हसू आलं म्हणून मी दचकले, यांना हाक मारली. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, चपला घाला.

काल सोमवारी आम्ही भायखळ्याला वखारीत गेलो. आमच्या घोडपदेवहून ते काही लांब नाही. तुमचे अण्णा तिथे होतेच, टोपी घालून, उन्हात. दगड बाजेवर आडवा ठेवला होता. शाईने सगळा मजकूर आखून तयार, पण कोरून फक्त "हुतात्मा" झालं होतं. मी म्हटलं, थांबा. कोरणारा थांबला. अण्णांना म्हटलं, मी मालनची आई. पुढचं पुसा.

अण्णा भले आहेत. जरा कुरकुरले, पत्रिका छापून झाल्या म्हणाले. मग म्हणाले, मी शब्द दिलाय तो दिलाय. काय लिहायचं सांगा. मी म्हटलं, मालन. ते म्हणाले, पुढे? मी म्हटलं, पुढे काही नको. खाली लिहा, "या घरची सून". त्याखाली गोळीबाराचा महिना आणि साल. आडनाव नसलेली पाटी मी गिरगावात पाहिली नाही, असं ते म्हणाले. मी म्हटलं, बाईची तरी कुठे पाहिली होतीत?

त्यांनी पेन्सिल माझ्या हातात दिली, कोरणाऱ्याला बघून आखता यावं म्हणून. कागद दगडावरच ठेवला. मी लिहिलं. शाळेतली पहिली पाटी तिला मीच गिरवून दिली होती, तेव्हाही हात इतका जड नव्हता. त्याने ते बघून दगडावर आखलं आणि "मा"वर छिन्नी ठेवली. पहिला घाव बसला आणि आमचे हे मोठ्याने म्हणाले, "मालन." चार वर्षांत त्यांनी तोंडातून ते नाव काढलं नव्हतं.

मग मी तिथेच दगडाच्या भुकटीत खाली बसले आणि रडले. किती वेळ ते माहीत नाही. ओरडून रडले, रस्त्यावरचे लोक डोकावत होते. कोरणाऱ्याने काम थांबवलं तर मी त्याला म्हटलं, तू थांबू नकोस बाबा. अण्णांनी कुठून तरी पाणी आणलं. चार वर्षांचं एकदम आलं, छाती अजून दुखते आहे. हे मी तुला तक्रार म्हणून लिहीत नाही. दुखतंय हे कळतंय, एवढंच सांगते.

रविवारी आम्ही दोघं येतो. कापड मी ओढणार आहे, अण्णांशी ठरलंय. त्याआधी वर येऊन तुझ्या सासूबाईंशी बोलायचं आहे. त्यांच्याशी मी भांडायला येत नाहीये, तू घाबरू नकोस. त्यांनाही कुणीतरी सांगायला हवं. दोघी मिळून बसू. सगळ्यांसमोर मी तुला तुझ्या नावाने हाक मारीन, तेव्हा ओ दे. माधवरावांना आवडलं नाही तर ते मला सांगतील, तुला नव्हे. बाळंतपणाला राजापूर लांब पडेल आणि तिथे तुझी आई नाही. घोडपदेवला ये. जागा लहान आहे, पण नळ दारात आहे आणि सुईण चांगली आहे. पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असतं.

आता एक लिहायचं राहिलंय. ते लिहिण्यासाठीच कागद घेतला होता, आणि बाकीचंच लिहीत बसले. तुझ्यापुढे लिहिते, दुसऱ्या कुणापुढे जमणार नाही.

मालन गेली, शेवंती.

तुझी
आई